पकड झाल्यानंतरची चढाई

प्रश्न : माझी मुलगी 13 वर्षांची आहे, कबड्डी खेळते. सरावात वाघीण! पण जिल्हा स्पर्धेत पहिल्याच चढाईत पकड झाली की तिचे हातपाय गळतात. ‘घाबरू नकोस’ म्हणून सांगून थकले. काय करू?
– एक आई, सातारा

उत्तर : ताई, आधी ते ‘घाबरू नकोस’ सोडा. छाती धडधडते, तळहात ओले होतात, ती शरीराची झुंजायची तयारी असते. ती थांबव म्हटलं की पोरीला वाटतं, आपल्यातच काही खोट आहे. ‘धडधडतंय ना? म्हणजे अंग तयार झालं,’ असं म्हणून बघा.

धीर शब्दांनी येत नाही. ‘असा प्रसंग मी आधी निभावलाय’ ही आठवण अंगात असावी लागते, आणि ती सरावातच तयार होते. तिच्या सरांना विनंती करा : सराव संपताना, मुली दमलेल्या असताना, मुद्दाम डाव मांडा. गुण बरोबरीत, ‘करा किंवा मरा’ची तिसरी चढाई, बाकीच्या मुली कडेने ओरडताहेत. पकड झाली? पुन्हा तोच डाव. बाद झाल्यावर काय करायचं तेही ठरलेलं असू द्या : बाहेर बसायचं, एक लांब श्वास सोडायचा आणि समोरची उजवी कोपरारक्षक कुठे सरकते ते बघायचं. नजर कामाला लागली की ‘माझं चुकलं’ मागे पडतं.

चुकीनंतर सावरता येतं, हे पटत नसेल तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा नेमबाज स्वप्नील कुसाळे आठवा. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत, 2023 साली, अंतिम फेरीत पुढे असताना त्याचा एक नेम 7.6 वर गेला आणि वैयक्तिक पदक हुकलं. चौथा आला. पुढच्याच वर्षी, 1 ऑगस्टला पॅरिसमध्ये, गुडघ्यावर आणि पालथं झोपून नेम धरायचे टप्पे संपले तेव्हा तो पाचवा होता. उभ्याने नेम धरून तिसरा आला, 451.4 गुणांनी ऑलिम्पिकचं कांस्य घेतलं.

आता तुमचं काम. कडेला उभं राहून सूचना देऊ नका. सर एक सांगतात, आई दुसरं, पोर मधल्या मध्ये अडकते. घरी येताना चढाईची चिरफाड नको, भूक लागलीय का विचारा. झोप, जेवण उडालं, मैदानावर जायलाच नको म्हणू लागली, तर मात्र क्रीडा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

आणि या आठवड्यात एकदा तिचा सराव बघायला जा. सामना नव्हे, सराव.