घरची पंगत

अन्न ही मनुष्याची गरज आहे. परंतु एकत्र बसून अन्न घेणे ही त्याने स्वतः घडवलेली रीत आहे. मराठीत या रीतीला ‘पंगत’ म्हणतात. ‘पंक्ती’ या संस्कृत शब्दापासून हा शब्द आला. लग्नकार्यातील मोठ्या पंगती सर्वांच्या परिचयाच्या असतात. येथे आपल्याला विचार करायचा आहे तो घरातील रोजच्या, चार-पाच माणसांच्या पंगतीचा.

जुन्या घरांत जेवणाच्या वेळी पाट मांडले जात. पान वाढण्याचा क्रम ठरलेला असे. वरच्या बाजूस मीठ. त्याच्या डावीकडे लिंबू, चटणी, लोणचे, कोशिंबीर. उजवीकडे भाजी आणि आमटी. मध्ये भात आणि त्यावर वरण-तूप. जे चवीपुरते खायचे ते डावीकडे आणि जे पोटभर खायचे ते उजव्या हाताजवळ, अशी ही सोयीची मांडणी होती. सर्वांना वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नसे, आणि सर्वांचे जेवण संपेपर्यंत कोणी उठत नसे. ज्याचे लवकर आटोपे त्याचा हात वाळून जाई, तरी तो बसून राही. लहान मुलांना हे अवघड वाटे. पण आपल्या भुकेइतकीच दुसऱ्याचीही भूक मोलाची आहे, हे ती तेथेच शिकत. आजोबांचा एखादा जुना किस्सा, दारातल्या गाईची तब्येत, शेजारच्या घरची बातमी या साऱ्यांना हीच वेळ सापडे.

मात्र या परंपरेचे केवळ गुणगान करून चालणार नाही. वाढताना एकाला झुकते माप द्यायचे आणि दुसऱ्याला हात आखडता घ्यायचा, याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ असा खास शब्द आहे. दोष होता म्हणूनच शब्द जन्मला. समाजात पंगती जातीनुसार वेगळ्या बसत. त्यांना छेद देण्यासाठी समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकरीची सहभोजने घडवून आणली. घराच्या आत वेगळाच भेद होता. पुरुष आणि मुले आधी जेवत, स्त्रिया मागाहून. भाजी संपली तर ती शेवटी बसणारीच्याच वाट्याची संपे, आणि तिने त्याविषयी बोलू नये अशी अपेक्षा असे. ही गोष्ट पूर्णपणे इतिहासजमा झालेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. याची कारणे अनेक आहेत. परंतु कोण केव्हा जेवते आणि त्या वेळी भांड्यात काय उरलेले असते, हा प्रश्न त्यांतून वगळता येत नाही.

पोटासाठी घर सोडावे लागलेल्यांची पंगत तर केव्हाच मोडली होती. मुंबईच्या कापड गिरण्यांत पाळ्यांनी काम चाले. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या अनेक कामगारांचे कुटुंब गावीच असे. त्यांना खाणावळ चालवणाऱ्या बायका जेवू घालत. याच बायकांना संघटित करण्यासाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळाची स्थापना केली. १८९० च्या सुमारास सुरू झालेली डबेवाल्यांची व्यवस्थाही याच गरजेतून वाढली. घरी येऊ न शकणाऱ्या माणसापर्यंत घरचे जेवण पोहोचले. पंगत मात्र पोहोचू शकली नाही.

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांत घरच्या पंगतीला आणखी एक अर्थ आहे. इंदूर, बडोदा, तंजावर येथील मुले शाळेत आणि रस्त्यावर हिंदी, गुजराती किंवा तमिळ बोलतात. ‘वाढ’, ‘पुरे’, ‘अजून थोडे घे’, ‘आमटी निवली’ हे शब्द त्यांच्या कानी पडतात ते ताटावर बसल्यावरच. पुस्तकातून भाषा वाचता येते. ती तोंडात रुळायला मात्र रोज कोणीतरी समोर बसावे लागते.

आता पाटाच्या जागी टेबल आले, पुष्कळ घरांत समोर दूरदर्शन संच किंवा हातात मोबाइलही आला. कामाच्या वेळा जुळत नाहीत, ही अडचण खरीच आहे. तरीही दिवसातले दोन्ही वेळचे जेवण एकत्र व्हावे, असा हट्ट धरण्याची गरज नाही. बहुतेक घरांत रात्रीचे एक जेवण जमवता येते. रात्रपाळी असेल तर सकाळची न्याहारी. बाकी उरते ती चुलीपाशी बसलेल्या व्यक्तीची अडचण. सर्वांना गरम भाकरी हवी असेल, तर ती भाजणारीला शेवटपर्यंत उठता येत नाही. भाकऱ्या आधी भाजून टोपलीत झाकून ठेवल्या, तर त्या थोड्या निवतात. पण तिचेही ताट सर्वांबरोबर मांडता येते.