घड्याळावरील ओरखडे : कोणते सोडावे, कोणते सोडू नयेत



आपल्यातील पुष्कळ घरांत पहिले मनगटी घड्याळ कोणी घेतले, हे आजही आठवणीने सांगितले जाते. कोणाच्या वडिलांनी नोकरी लागल्यावर घेतलेले असते, कोणाच्या मुलीला दहावी पास झाली म्हणून दिलेले असते. पोटाला चिमटा घेऊन आणलेली वस्तू प्रिय असणारच. म्हणून तिच्यावर पहिला ओरखडा उमटला की घरात हळहळ होते. कधी मुलाला मार बसतो, कधी घड्याळच कपाटात जाते. या दोन्ही गोष्टी टाळता येतात. त्यासाठी ओरखडा म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे.

ओरखडा का पडतो?

प्रत्येक कार्याला कारण असते. ओरखडा हा नशिबाचा फेरा नव्हे आणि दर वेळी मुलाचा वांडपणाही नव्हे. जो पदार्थ अधिक कठीण, तो कमी कठीण पदार्थावर चरा पाडतो. फ्रीडरिश मोस या शास्त्रज्ञाने १८१२ साली खनिजांच्या कठीणपणाची १ ते १० अशी श्रेणी लावली. तीत हिरा १० वर आहे. वाळूतील गारेचा कण ७ वर येतो. साधी काच साडेपाचच्या आसपास येते. आता विचार करा, आपल्या रस्त्यावरच्या धुळीत बारीक वाळू असते. ती बाहीवर, बाकावर, भिंतीवर बसते. मनगट तेथे घासले की तो कण काचेवर रेघ ओढतो. म्हणजे जो माणूस घड्याळ लावून काम करतो, त्याच्या घड्याळावर ओरखडे येणारच.

काचेचे तीन प्रकार

चावी देण्याच्या जुन्या घड्याळांवर बहुधा ऍक्रिलिकची काच असते. ही खरे म्हणजे काच नव्हे, एक प्रकारचे प्लास्टिक आहे. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात, पण पडल्यास ती सहसा चक्काचूर होत नाही. वरवरचे ओरखडे घरीही निघतात. सुती फडक्यावर किंचित टूथपेस्ट घेऊन काही मिनिटे हलक्या हाताने चोळावे व ओलसर फडक्याने पुसून घ्यावे. चावीच्या बाजूला ओल जाऊ देऊ नये.

दुसरी साधी खनिज काच. तिच्यावर चरे उशिरा पडतात, पण पडले की टूथपेस्टने जात नाहीत. फार झाले तर घड्याळजीकडून काच बदलून घ्यावी.

तिसरी नीलमणी काच, म्हणजे कारखान्यात तयार केलेल्या नीलमण्याची. तिचा कठीणपणा ९ आहे. धुळीचे तिच्यापुढे काही चालत नाही. परंतु जोराचा आघात झाला तर तीही फुटू शकते.

धातूवरचे ओरखडे

पोलादी घड्याळ पुन्हा पुन्हा पॉलिश करून घेण्याचा मोह पडतो. पण पॉलिश करणे म्हणजे ओरखड्याच्या खोलीइतका धातू खरवडून काढणे होय. दर वेळी कडा थोड्या थोड्या बोथट होत जातात. सोनेरी मुलाम्याच्या घड्याळाला तर पॉलिशवाल्यापासून दूरच ठेवावे. मुलामा अतिशय पातळ असतो. तो घासला की पितळ उघडे पडते, आणि केवळ म्हणीतले नव्हे, अक्षरशः! कडेला थोडे पितळ दिसू लागले तर ते तसेच वापरावे. त्यात कमीपणा नाही.

सोडू नये असे काय?

येथवर सांगितले ते सोडून देण्याजोगे होते. आता जे सोडून देऊ नये, ते नीट ध्यानात ठेवा.

काचेला तडा गेला असेल, काचेच्या आतून वाफ धरत असेल, चावी सैल झाली असेल किंवा पट्ट्याची पिन हलत असेल, तर घड्याळ लगेच दाखवावे. उन्हात ठेवल्याने वाफ दिसेनाशी होते, पण तेवढ्याने आतील ओल गेली असे समजू नये. सेलवर चालणारे घड्याळ बंद पडले, तर मेलेला सेल आत ठेवू नये. तो पाझरला की यंत्र खराब होते.

हा भेद न कळल्याने काय होते, ते मी शाळेत पाहिले. एका विद्यार्थ्याला घड्याळावर पडलेल्या साध्या ओरखड्याबद्दल घरी मार बसला होता. पुढे काही दिवसांनी खेळताना काचेला खरोखरच तडा गेला. पोराने भीतीने तो लपवला. बाही ओढून घ्यायचा, वेळ विचारली तर हात मागे न्यायचा. पावसाळ्याचे दिवस होते. तड्यातून पाणी आत गेले, काटे गंजले आणि यंत्र थांबले. जे काम नुसती काच बदलून भागले असते, त्यासाठी पूर्ण घड्याळ गेले. घड्याळापेक्षा मोठे नुकसान असे, की घरात खरे सांगण्याची त्या मुलाची हिंमत गेली. आईवडिलांनो, ओरखड्यासाठी रागावाल, तर तड्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचणार नाही.

कपाटातले घड्याळ

काही घरांत घड्याळ खराब होईल म्हणून ते वापरतच नाहीत. परीक्षेच्या खोलीत मोबाईल नेता येत नाही. तेथे मनगटावरचे घड्याळच उपयोगी पडते. पण मुलीचे घड्याळ घरी डबीत आणि मुलगी तिकडे किती वेळ उरला म्हणून पर्यवेक्षकांना विचारते आहे, असे का व्हावे? नेहमीच्या चावीच्या घड्याळातील चक्र सेकंदाला ५ ठोके देते, म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. एवढे राबण्यासाठी बनवलेली वस्तू झाकून ठेवण्यात काय अर्थ?

आणखी एक सावधगिरी. बंगळूरच्या एचएमटी कारखान्यात १९६१ पासून जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे तयार होऊ लागली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करण्यास मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या घड्याळांना मागणी आली. बाजारात तबकड्या पुन्हा रंगवून, भाग इकडचे तिकडे जोडून ‘नव्यासारखी’ घड्याळे विकली जातात. नव्या रंगाला भुलून घरातले ओरखडे पडलेले अस्सल घड्याळ मोडीत काढू नका.

रोजची काळजी

रात्री घड्याळ काढल्यावर मऊ फडक्याने घाम व धूळ पुसावी. घामातील क्षार धातूला व चामड्याच्या पट्ट्याला खातात. घड्याळ पाण्यासाठी बनवलेले नसेल तर अंघोळीपूर्वी काढावे. किल्ल्या व नाण्यांबरोबर एकाच खिशात ठेवू नये. चावीचे घड्याळ मागेपुढे धावू लागले, तर आतील तेल सुकले असण्याचा संभव असतो. ते साफ करून घ्यावे.

शेवटी एवढेच. जे जे घडवले गेले ते ते झिजते, हे आपण अनित्यतेच्या पाठात शिकतो. अनित्य आहे म्हणून हेळसांड करावी, असा त्याचा अर्थ नाही. आणि झिजेल म्हणून भीत बसावे, असाही नाही. जपावे आणि वापरावे.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील घड्याळाची काच कोणत्या प्रकारची आहे?
२. ओरखडा आणि तडा यांत फरक काय?
३. घरातील वस्तू मोडली तर ते सांगण्याची मुलांना भीती वाटते काय? वाटत असल्यास का?