हॉटेल नवं झालंय, ओळख पुन्हा करून घे

पोरी, तुला आता कामासाठी वरचेवर मुंबईला जावं लागणार आणि कंपनीने तुझी सोय फोर्टातल्या त्याच हॉटेलात केली आहे, हे तुझ्या आईकडून कळलं. बँकेच्या तपासणी विभागात होते तेव्हा मी तिथेच उतरायचे. निवृत्तीनंतरही मुंबईत काम निघालं की माझा मुक्काम तिथेच असतो. मधल्या काळात त्या हॉटेलाचा पार कायापालट झाला. काही गोष्टी फार चांगल्या झाल्या, काही नव्याने सांभाळाव्या लागतात. माझ्या अनुभवातले चार शब्द सांगून ठेवते. त्या हॉटेलातच नव्हे, नव्याने सजवलेल्या कुठल्याही हॉटेलात ते तुला उपयोगी पडतील.

मुख्य गोष्ट आधी सांगते. नूतनीकरण झालेलं हॉटेल हे नवंच हॉटेल समजायचं. माणसं जुनी असतील तर त्यांच्या जिव्हाळ्यावर खुशाल विसंब. इमारतीबद्दलच्या जुन्या माहितीवर मात्र विसंबू नकोस. कुणी सांगितलं, ‘अमुक नंबरची खोली शांत आहे’, तर आधी विचार, ही माहिती डागडुजीच्या आधीची की नंतरची.

बाहेरून तेच, आतून वेगळं

फोर्टातल्या बऱ्याच इमारती वारसा यादीत आहेत. मुंबईत वारसा जपण्याची नियमावली १९९५ साली आली, तेव्हापासून या इमारतींचं दर्शनी रूप मनाला येईल तसं बदलता येत नाही. त्यामुळे रस्त्यावरून पाहिलं तर तेच दगडी खांब, त्याच कमानी दिसतात. बदल होतो तो आत. मोठ्या खोलीच्या दोन खोल्या होतात, एसीच्या नळ्या लपवायला छत खाली येतं, जुन्या लाकडी खिडक्यांच्या जागी काच बसते.

म्हणून खोलीत गेलीस की भिंत बोटाने ठोकून बघ. जुनी विटांची भिंत मुकी असते, हाताला तिचं वजन कळतं. मधे घातलेली जिप्समची भिंत पोकळ वाजते. पलंगाचं डोकं पोकळ भिंतीला लागून असेल तर शेजारच्या खोलीतला टीव्ही रात्री तुझ्या उशाशी ऐकू येईल. अशा वेळी सामान उघडण्याआधीच काउंटरला फोन कर आणि कोपऱ्याची खोली माग. कोपऱ्याच्या खोलीला निदान दोन भिंती जुन्या, बाहेरच्या मिळतात.

चांगलं नूतनीकरण कसं असतं हे पाहायचं असेल तर एका संध्याकाळी चालत ताजमहाल पॅलेसला जा. ते हॉटेल १९०३ साली सुरू झालं. रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य या आपल्या मराठी माणसाने डी. एन. मिर्झा यांच्यासोबत त्याचा मूळ आराखडा केला आणि डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम पुरं केलं. २००८च्या हल्ल्यात त्या जुन्या वास्तूची फार हानी झाली आणि १५ ऑगस्ट २०१० रोजी ती पुन्हा पाहुण्यांसाठी उघडली. एक चहा घे, सावकाश बस. मधल्या जिन्यापाशी उभी राहून वर बघ. नवी वायरिंग, नवी यंत्रं सगळी आली, तरी वास्तूचा स्वभाव तोच राहिला आहे. ही नजर एकदा तयार झाली की आपल्या ऐपतीच्या हॉटेलातही कुठे मनापासून काम झालंय आणि कुठे नुसता रंग मारलाय, ते पटकन कळतं.

खोली मागताना

नूतनीकरणासाठी हॉटेलं सहसा पूर्ण बंद ठेवत नाहीत. एकेक मजला घेऊन काम चालतं. म्हणून आरक्षण करताना स्पष्ट विचार: काम संपलंय का, नसेल तर कुठल्या मजल्यावर चालू आहे? ड्रिलचा आवाज स्लॅबमधून वरखाली पसरतो. कामाच्या मजल्याच्या लगेच वरची किंवा खालची खोली घेऊ नकोस, मधे निदान दोन मजले असू देत.

अगदी ताज्या तयार झालेल्या मजल्याचाही मोह नको. प्लाय, लॅमिनेटचा गोंद, रंग यांचा वास काही आठवडे टिकतो. कपाट उघडल्यावर डोळे चुरचुरले तर ती बहुधा फॉर्माल्डिहाइडची वाफ असते, प्लायच्या गोंदातून ती सुटत राहते. तुला धुळीचा त्रास आहे, तेव्हा उघडणारी खिडकी असलेलीच खोली माग.

रस्त्याकडची की डक्टकडची, हा प्रश्न फोर्टात वाराप्रमाणे सोडव. तो कचेऱ्यांचा भाग आहे. रविवारी रस्ता इतका शांत असतो की समोरची खोली सुखाची. सोमवार ते शुक्रवार सकाळपासून वर्दळ सुरू होते, तेव्हा आतली खोली बरी. पण आतली घेताना स्वयंपाकघराचा पंखा आणि जनरेटर कुठल्या बाजूला आहेत ते विचारून घे. लिफ्टला आणि चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीला लागून असलेली खोली नेहमी नाकार. पहाटेपासून तिथे ट्रॉलींची खडखड चालते.

काउंटरवर कुणी तुझा खोली नंबर मोठ्याने उच्चारला आणि आसपास माणसं असतील, तर न संकोचता दुसरी खोली माग. ओळखपत्र म्हणून आधार द्यायचं असेल तर मास्क केलेलं दे. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ‘युआयडीएआय’च्या संकेतस्थळावरून ते उतरवून घेता येतं.

पहिली दहा मिनिटं

बॅग पलंगावर टाकायची नाही. आधी सामानाच्या स्टँडवर किंवा बाथरूमच्या कोरड्या फरशीवर ठेव. चादरीचा कोपरा उचलून गादीची शिवण बघ. ढेकूण शिवणीत आणि पलंगाच्या डोक्याकडच्या फळीमागे लपतात, त्यांचे काळे ठिपके दिसतात. गादी नवी आणली तरी फळी जुनीच पॉलिश करून लावलेली असू शकते, म्हणून फळीकडे जास्त लक्ष दे.

मग दार. आतली कडी लावून दार ओढून बघ. शेजारच्या खोलीत उघडणारं मधलं दार असेल तर तेही ओढून बघ. दारावरच्या भिंगातून बाहेरचं दिसतं का ते पाहा. दिवे लावून सगळी बटणं एकदा दाबून घे. नव्या हॉटेलात एकाच बटणावर चार दिवे असतात आणि रात्री उठल्यावर नेमका बाथरूमचा दिवा सापडत नाही.

बाथरूममध्ये मग भरून पाणी फरशीवर ओत आणि ते कुठे जातं ते बघत उभी राहा. चांगल्या कामात पाणी सरळ जाळीकडे निघतं. घाईच्या कामात ते कमोडच्या मागे साचतं, नाहीतर दाराच्या उंबऱ्याकडे येतं. नव्या फरश्या चकचकीत असतात आणि ओल्या झाल्या की पाय ठरत नाही. उतार चुकलेला दिसला तर पायपुसणं दोन माग, एक आत आणि एक दाराशी. आमच्या हॉटेलात हे काम उत्तम केलंय, उतार असा धरलाय की अंघोळीनंतर पाच मिनिटांत फरशी कोरडी होते. पाहुण्याला कळतही नाही, पण गवंड्याचं कसब तिथे आहे.

खोली काही दिवस रिकामी असेल तर नळ आणि शॉवर दोन मिनिटं सोडून दे, बाथरूमचं दार ओढून घे. साचलेलं पाणी वाहून जाऊ दे. गरम पाणी गच्चीवरून येत असेल तर खालच्या मजल्यावर पोचायला वेळ लागतो, तेव्हा सकाळच्या मीटिंगची वेळ धरून अंघोळीला दहा मिनिटं जास्त ठेव.

जिना पायांनी पाहून घे

हा कानमंत्र सगळ्यात महत्त्वाचा. खोली मिळाली की बाहेर ये आणि आणीबाणीच्या जिन्यापर्यंत चालत जा. वाटेतली दारं मोज. तुझ्या खोलीपासून जिन्यापर्यंत किती दारं, उजव्या हाताला की डाव्या, हे डोक्यात ठेव. धुरात डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा हात भिंतीवर ठेवून दारं मोजतच जावं लागतं. जिन्याचं दार ढकलून उघडतं का ते बघ. पुढे दोन मजले उतरूनही जा. जिन्यात जुन्या गाद्या, रंगाचे डबे रचून ठेवले असतील तर लगेच खाली सांग.

जुन्या गिऱ्हाइकाने हे पुन्हा करायलाच हवं. आमच्या हॉटेलात पूर्वी लिफ्टसमोरून सागवानी जिना उतरत होता. आता तो काचेच्या अग्निरोधक दारामागे आहे आणि बाहेर पडायचा दुसरा जिना मागच्या बाजूला नव्याने काढला आहे. जुन्या सवयीने धावणारा माणूस भलत्या दिशेला जाईल. शिवाय नूतनीकरणात लाकूड, गालिचे, छताचं सामान वाढतं, म्हणजे जळणारं सामानही वाढतं.

महाराष्ट्रात २००६ सालचा आग प्रतिबंधक कायदा आहे. इमारतीची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र मालकाला दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून घ्यावं लागतं. हे प्रमाणपत्र केव्हाचं आहे, असं विचारायला पाहुण्याने कचरू नये. नीट चालवलेल्या हॉटेलातला मॅनेजर या प्रश्नाने नाराज होत नाही.

आणि आगीच्या वेळी लिफ्ट कधीच नाही. दार उघडण्याआधी हाताच्या पाठीने त्याचा स्पर्श घे. तापलेलं असेल तर उघडू नकोस, फटीत ओला टॉवेल कोंबून खिडकीपाशी ये आणि फोन कर.

बिल

दर वाढलाय, तो कराच्या कुठल्या टप्प्यात बसतो ते बघ. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. ७,४०० रुपयांची खोली ७,७७० रुपयांना पडते आणि ७,६०० ची ८,९६८ रुपयांना. दरात दोनशेचा फरक, हातातून जातात जवळपास बाराशे. खर्च कंपनीचा असला तरी हा हिशेब तू करायचास. कंपनीचा जीएसटी क्रमांक येतानाच नोंदवून घे, निघताना बिल बदलण्यात गाडी चुकते.

जेवणाच्या बिलात सेवाशुल्क आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ साली तसं सांगितलं आहे. लावलेलं दिसलं तर शांतपणे काढायला सांग. ते पैसे काम करणाऱ्याच्या हातात दे.

माणसं

शेवटची गोष्ट माणसांची, आणि मुक्काम सुखाचा होतो तो त्यांच्यामुळे. हॉटेलाची नवी फरशी, नवे दिवे दोन मुक्कामांत सवयीचे होतात. तिथल्या माणसांची किंमत मुक्कामागणिक वाढते.

आमच्या मजल्यावर खोली लावणारी बाई आहे. तिचं काम एकदा उभं राहून बघ. चादर झटकते, मधली घडी पलंगाच्या बरोबर मधोमध आणते, पायाकडचा कोपरा उचलून तिरपा दुमडते आणि एका हाताने गादीखाली असा सारते की रात्रभर कूस बदलली तरी चादर जागची हलत नाही. जुन्या पलंगांवर तिने हे केलं, नव्या जड गाद्यांवरही तितक्याच नेटाने करते. गाद्या नव्या आल्या, पण त्या उचलायला तिला कंबर तीच आहे. म्हणून टॉवेल रोज बदलायची गरज नसेल तर तसं सांग. ओले टॉवेल एका जागी ठेव. सकाळी निघताना उशीवर केस, टेबलावर खरकटं ठेवून जाऊ नकोस.

बक्षिशी शेवटच्या दिवशी एकदम देऊ नकोस. पाळ्या बदलतात, ज्याने चार दिवस राबून काम केलं तो त्या दिवशी सुट्टीवर असतो. रोज थोडे दे, हातात दे आणि नाव घेऊन दे. नावं पाठ कर. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक, नाश्त्याचा वाढपी, काउंटरवरचा मुलगा, यांना तुझं येणं-जाणं ठाऊक असेल तर अपरात्री उशिरा परतताना त्याचा आधार होतो. आता भुयारी मेट्रो हुतात्मा चौकापर्यंत येते, त्यामुळे उशिराचं येणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. तरी निघताना काउंटरवर सांगून जायची सवय ठेव.

तक्रार असेल तर त्याच दिवशी कर, योग्य माणसाकडे कर. गिझर बिघडला तर तो रूमबॉयचा दोष नाही, त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. कामाचं वेळापत्रक आणि पैसा मालकाच्या हातात असतो, ऐकून घ्यायला मात्र खालची माणसं उभी असतात.

निघण्याच्या दिवशी पाच मिनिटं काढून मॅनेजरला लेखी कळव. काय सुधारलं, काय राहिलं, कुणी चांगलं काम केलं, हे तिन्ही लिही. खोली नंबर घाल, माणसाचं नाव घाल. वरचेवर येणाऱ्या पाहुण्याच्या शब्दाला तिथे वजन असतं. पुढच्या मजल्याचं काम काढताना बाथरूमचा उतार, जिन्याची वाट, पलंगामागची भिंत यांचा विचार व्हायचा तो अशा कागदांमुळेच होतो. आणि खोली लावणाऱ्या बाईचं नाव कौतुकाने मॅनेजरच्या टेबलावर पोचलं तर तिच्या बढतीच्या वेळी ते कामी येतं. तेवढं दर मुक्कामाला न चुकता कर.

तुझी आत्या