ताप उतरला म्हणजे बरे झालो का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विंगमध्ये एकापाठोपाठ एक मुली तापाने आजारी पडल्या. माझ्या रूम पार्टनरला चार दिवस १०३ ताप होता. डोळ्यांच्या मागे दुखतं, हाडं मोडल्यासारखी वाटतात, असं ती सारखी म्हणायची. पाचव्या दिवशी ताप उतरला आणि आम्ही सगळ्या खूश झालो. सबमिशन जवळ आलं होतं, म्हणून ती जर्नल घेऊन बसलीसुद्धा! पण संध्याकाळी तिच्या पोटात जोरात दुखायला लागलं, उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले. रेक्टर मॅडमनी लगेच रिक्षा बोलावली म्हणून वेळेवर सलाईन लागलं. डॉक्टर म्हणाले, "डेंग्यूमध्ये ताप उतरतो तेव्हाच जास्त जपायचं असतं."

हे वाक्य काही माझ्या डोक्यात बसेना. मग वाचून जे समजलं, ते इथे मांडते आहे.

व्हायरस स्वतः काहीच करू शकत नाही. डेंग्यूचा व्हायरस सुमारे ५० नॅनोमीटरचा असतो. असे २० हजार एका रांगेत ठेवले तर कुठे एक मिलिमीटर भरेल. आत सुमारे ११ हजार अक्षरांचा आरएनए आणि बाहेर आवरण, बस्स! त्याच्याकडे ना ऊर्जा, ना प्रथिने बनवायचं यंत्र. पेनड्राइव्हमधल्या व्हायरससारखंच आहे, दुसऱ्याच्या मशीनमध्ये शिरल्याशिवाय तो चालत नाही.

एडिस इजिप्ती जातीची डासाची मादी दिवसा चावते आणि तिच्या लाळेतून हा व्हायरस आपल्या त्वचेत येतो. गंमत म्हणजे, जंतू पकडणं हे ज्या पेशींचं काम, त्यांच्यातच तो आधी शिरतो. पेशी त्याला एका छोट्या पिशवीत घालून आत घेते. पिशवीत आम्लता वाढली की व्हायरसचं आवरण आकार बदलतं, पिशवीच्या भिंतीला चिकटून एकरूप होतं आणि आरएनए बाहेर पडतो. पेशीतले रायबोसोम हा संदेश आपला की परका हे ओळखत नाहीत. ते वाचत जातात आणि व्हायरसची प्रथिने तयार होत जातात. आरएनएच्याही कॉपी निघतात, नवे व्हायरस जोडले जातात आणि बाहेर पडून पुढच्या पेशी गाठतात. डास चावल्यापासून ४ ते १० दिवस हे गुपचूप चालतं. मग शरीर धोक्याची रसायने सोडतं आणि ताप चढतो.

आता मूळ प्रश्न. ताप उतरतो तेव्हा रक्तातले व्हायरस कमी होत असतात, हे खरं आहे. पण लढाईतल्या रसायनांमुळे आणि व्हायरसच्या एनएस-१ या प्रथिनामुळे काही जणांच्या केशवाहिन्यांचं अस्तर सैल होतं. रक्तातला पातळ भाग पोटात, छातीत झिरपतो. रक्त घट्ट होतं, ब्लड प्रेशर पडतं. आजाराच्या साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात हे २४ ते ४८ तास चालतं. आपण सगळे फक्त प्लेटलेट किती ते विचारतो, पण डॉक्टर रक्त किती घट्ट झालं तेही बघत असतात.

बहुतेक जण आराम करून बरे होतात. मात्र "मला एकदा होऊन गेलाय" म्हणून निश्चिंत राहू नका. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला नीट अडवत नाहीत, उलट कधी कधी त्याला पेशीत शिरायला मदतच करतात. म्हणून दुसऱ्यांदा झालेला डेंग्यू जास्त गंभीर होऊ शकतो.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, तापात मनाने अ‍ॅस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका, त्याने रक्तस्राव वाढू शकतो. अँटिबायोटिक व्हायरसवर चालतच नाही. पोटात सारखं दुखणं, उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप गळून जाणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी रेक्टरना उठवा.

आणि उन्हाळ्यातले कूलर पावसाळ्यातही पाण्याने भरलेले ठेवू नका. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून दर आठवड्याला कूलर, बादल्या, पिंप रिकामे करून आतून घासा. नुसतं पाणी ओतून चालत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही काही महिने टिकतात. आमच्या विंगमध्ये आता हे काम दर रविवारी होतं.

रूम पार्टनरचा ताप उतरला की अभिनंदन जरूर करा, पण पुढचे दोन दिवस तिला एकटं सोडू नका.