सुट्टीतील आप्तभेट आणि गृहस्थाचा धर्म

गृहस्थाच्या जीवनात काही कर्मे अशी असतात की, ती धर्मकृत्यांत मोजली जात नाहीत आणि नित्याच्या कर्तव्यांतही त्यांची गणना होत नाही. सलग दोन-तीन सुट्ट्या जोडून आल्या म्हणजे परगावी राहणाऱ्या आईवडिलांना किंवा भावाबहिणींना भेटून येणे, हे त्यांपैकी एक होय. जाणारा तिला ‘थोडा बदल’ म्हणतो. परंतु ज्या घरी तो जातो, त्या घरातील वृद्ध मनुष्य त्या तीन दिवसांची वाट कित्येक महिने पाहत असतो. एकाच्या लेखी जो विरंगुळा, तो दुसऱ्याच्या लेखी वर्षाचा आधार असतो. म्हणून या लहानशा कर्माचा विचार गीतेच्या प्रकाशात करणे अप्रस्तुत होणार नाही.

१. सुट्टी ही कोणाची?

प्रथम सुट्टीचेच स्वरूप पाहू. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांमुळे, १८९० साली. तत्पूर्वी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत राबणाऱ्या मनुष्याला स्वतःच्या मुलाबाळांत बसण्यासही दिवस उरत नसे. म्हणजे आज जी सुट्टी सहज हाती पडते, ती पूर्वीच्या श्रमिकांच्या झगड्याचे फळ आहे. आपल्या श्रमाने न मिळालेली वस्तू जो केवळ स्वतःपुरती भोगतो आणि परत काहीच देत नाही, त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोराची उपमा दिली आहे. हा न्याय अन्नाला जसा लागू, तसाच वेळेलाही लागू आहे.

आता दुसरी बाजू. पाहुणे येतात त्या घरात सुट्टी असते काय? बहुधा नसते. चार माणसांच्या जागी आठ माणसांचा स्वयंपाक होतो, पाणी दुप्पट भरावे लागते, अंथरुणे काढावी लागतात. एका घराची विश्रांती दुसऱ्या घराच्या श्रमावर उभी राहते, आणि हे श्रम बहुधा एकाच व्यक्तीच्या वाट्याला येतात. त्या घरच्या सुनेच्या.

२. एक उदाहरण

असे समजा की, धाकटा भाऊ नोकरीनिमित्त मुंबईस आहे आणि थोरला इंदुरास. वृद्ध आई थोरल्याकडे असते. तिला एकटीने उठता येत नाही. रात्री दोनदा तरी कोणीतरी हात द्यावा लागतो. २०२५ साली १५ ऑगस्टचा स्वातंत्र्यदिन शुक्रवारी आला, १६ तारखेस गोपाळकाला आणि १७ तारखेस रविवार. अशा सुट्टीत धाकटा भाऊ पत्नी व मुलांसह इंदुरास जाण्याचे ठरवतो.

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होऊ लागले. म्हणजे ऑगस्टच्या मध्यावरील प्रवासाची तयारी जूनच्या मध्यासच करावी लागते. मुंबई सेंट्रलहून सायंकाळी निघणारी अवंतिका एक्सप्रेस बडोदा, रतलाम, उज्जैन या मार्गाने दुसऱ्या दिवशी सकाळी इंदुरास पोहोचते. गुरुवारी निघावे, शुक्रवारी सकाळी उतरावे, आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे म्हणून रविवारी सायंकाळी परत गाडीत बसावे. हिशेब केला तर हाती साधारण पंचावन्न तास येतात. झोप, स्नान व भोजन वजा जाता तीसही उरत नाहीत.

या तीस तासांवर हक्क सांगणारे अनेक असतात. इंदूरपासून उज्जैन सुमारे ५५ किलोमीटर, तेथे महाकाळेश्वर. दुसऱ्या दिशेस सुमारे ८० किलोमीटरवर नर्मदातीरी ओंकारेश्वर. दोन ज्योतिर्लिंगे इतकी जवळ असताना दर्शन न घेता कसे परतावे? मुलांना होळकरांचा सातमजली राजवाडा पाहावयाचा असतो, रात्रीच्या सराफ्यातील खाद्यपदार्थांची कीर्ती त्यांनी ऐकलेली असते. यांपैकी एकही गोष्ट वाईट नाही. परंतु सर्व केल्या, तर रविवारी सायंकाळी गाडी सुटताना असे ध्यानात येते की, जिच्यासाठी आलो तिच्याजवळ सलग अर्धा तासही बसलो नाही.

३. अतिथी की घरचा मनुष्य?

अतिथीला देव मानावे ही तैत्तिरीय उपनिषदाची आज्ञा सर्वांस ठाऊक आहे. परंतु त्याच उपदेशात अतिथीच्या आधी माता, पिता व आचार्य यांना देव मानण्यास सांगितले आहे, हा क्रम विसरता कामा नये. शिवाय ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी, असा या शब्दाचा अर्थ परंपरेने लावला आहे. दोन महिने आधी आरक्षण करून, गाडीची वेळ कळवून येणारा पुत्र या अर्थाने अतिथी नव्हेच. तो घरचा मनुष्य आहे. त्याला आयते पान मिळण्याचा अधिकार नाही. उलट घरच्या कामात वाटा उचलण्याचे कर्तव्य आहे.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाने अतिथीनंतर जेवावे असा नियम आहे. परंतु तेथेच रुग्ण आणि गर्भवती स्त्रिया यांना अतिथीच्याही आधी जेवू घालावे, त्यात विचार करीत बसू नये, असेही सांगितले आहे. अर्थात् पाहुण्यांचा सत्कार दुबळ्याच्या सोयीवर कुरघोडी करणारा नसावा. आईची औषधाची व जेवणाची वेळ पाहुण्यांच्या पंगतीमुळे टळत असेल, तर तो सत्कार शास्त्रालाही मान्य नाही.

कठोपनिषदातील कथाही या ठिकाणी स्मरणीय आहे. नचिकेता यमाच्या दारी तीन रात्री अन्नावाचून राहिला. यमधर्माने परत आल्यावर त्या तीन रात्रींबद्दल तीन वर देऊ केले. मृत्यूचे रहस्य विचारण्यास उत्सुक असलेल्या त्या बालकाने पहिला वर कोणता मागितला? आपल्या पित्याचा क्रोध शमावा, त्याचे मन शांत व्हावे आणि आपण परत गेल्यावर त्याने आपल्याला ओळखून प्रेमाने बोलावे, हा. अग्निविद्या आणि आत्मविद्या त्यानंतर आल्या. ज्याला तत्त्वज्ञानाची एवढी तहान होती, त्यानेही पित्याचे समाधान प्रथम मागितले.

४. तीर्थ कोठे आहे?

पंढरपूरची कथा महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पुंडलिक प्रथम मातापित्यांची उपेक्षा करणारा होता. काशीयात्रेच्या वाटेवर कुक्कुट ऋषींच्या आश्रमात त्याने पाहिले की, गंगादी नद्या मलिन रूपाने येतात आणि त्या ऋषींच्या आश्रमाची सेवा करून निर्मळ होऊन जातात. ते ऋषी स्वतः काशीस कधी गेले नव्हते. मातापित्यांची सेवा हेच त्यांचे तीर्थ होते. पुंडलिकाचे डोळे उघडले. पुढे साक्षात भगवंत दारी आले तेव्हाही हातची सेवा न सोडता त्याने वीट पुढे टाकली, आणि देव त्या विटेवर उभा राहिला.

या कथेचा अर्थ तीर्थदर्शन त्याज्य आहे असा नव्हे. तीर्थ आणि सेवा यांत एकाच वेळेसाठी ओढाताण झाली, तर देवही थांबतो, एवढाच तिचा अभिप्राय आहे. महाकाळेश्वर पुढील वर्षीही उज्जैनीतच असेल. आई असेलच असे कोणी सांगावे?

५. खरी भेटवस्तू

गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे आली आहेत: ते द्यावयाचे म्हणून दिलेले असते, परतफेडीची अपेक्षा नसते, आणि स्थळ, काळ व घेणारा यांचा विचार केलेला असतो. भेटवस्तू नेताना ही कसोटी लावून पाहावी. मधुमेह असलेल्या आईसाठी मिठाईचा मोठा खोका नेला, तर देण्याचे समाधान देणाऱ्यालाच मिळते.

वरील उदाहरणातील घरास कशाची गरज आहे? वहिनीचे माहेर देवासला, इंदूरहून जेमतेम तासाभराच्या वाटेवर आहे. तरीही वर्षभरात तिला तेथे एक रात्र राहता आले नाही, कारण सासूबाईंना सोडून जाणे शक्य नाही. धाकट्या भावाने शुक्रवारी सकाळी उतरल्यावर म्हणावे, “वहिनी, तुम्ही आणि दादा आजच देवासला जाऊन या. उद्या संध्याकाळपर्यंत आईचे सर्व आम्ही पाहतो. औषधांच्या वेळा तेवढ्या लिहून द्या.” वहिनी प्रथम नाही म्हणेल. “आल्या आल्या तुम्हांला कामाला लावू का?” असेही विचारील. तरी आग्रह धरावा. या भेटीला पैसा पडत नाही आणि तिच्याइतकी मोलाची वस्तू मुंबईच्या कोणत्याही दुकानात मिळत नाही.

याचा दुसराही लाभ आहे. रात्री दोनदा उठून आईला हात दिल्यावर धाकट्या भावास प्रथमच कळते की, दादा आणि वहिनी वर्षाच्या तीनशे पासष्ट रात्री काय करीत आले आहेत. दुरून फोनवर दिलेल्या शंभर सूचना एका रात्रीच्या जागरणाने गळून पडतात.

आईच्या औषधोपचाराच्या खर्चातील वाटा मात्र दानात मोजू नये. ते ऋण आहे. मातापित्यांच्या निर्वाहाचे दायित्व अपत्यांवर आहे, हे २००७ साली संसदेने केलेल्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहविषयक कायद्यानेही सांगितले आहे. कायदा पैसा मिळवून देऊ शकतो. उशाशी कोणी बसावे हे तो ठरवू शकत नाही. ते धर्माचे क्षेत्र आहे.

६. वाणी आणि अवधान

दीर्घ काळाने भाऊ भेटले म्हणजे घराच्या वाटणीचा विषयही निघतो. उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे हे गीतेने वाणीचे तप म्हटले आहे. हे चारही गुण एकत्र लागतात. सत्य असूनही आईच्या देखत, सणाच्या दिवशी, निघण्याच्या घाईत बोललेले वचन हितकर होत नाही. असा विषय टाळू नये. त्यासाठी वेगळी वेळ ठरवावी.

दुसरी गोष्ट अवधानाची. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली. बाहेरच्या कर्माला मनाची जोड मिळाली पाहिजे, नाहीतर ते कोरडे राहते, हे त्यांनी चौथ्या अध्यायाच्या विवरणात समजावले आहे. आईचे पाय चेपणारे हात आणि मोबाइलवर खिळलेली दृष्टी ही अशा कोरड्या कर्माची आजची खूण होय. तीच ती जुनी गोष्ट आई चौथ्यांदा सांगत असेल, तर ती चौथ्यांदा ऐकणे हीही सेवाच आहे.

७. एक शंका

येथे गीतेचा अभ्यासक विचारील की, तेराव्या अध्यायात पुत्र, पत्नी, घर यांविषयी अनासक्ती हे ज्ञानाचे लक्षण सांगितले आहे. मग आप्तांच्या ओढीने एवढा प्रवास करणे ही आसक्ती नव्हे काय? उत्तर असे की, आसक्तीला समोरच्या मनुष्याकडून काही हवे असते. आपले स्वागत नीट झाले नाही म्हणून जो रुसतो, तो आसक्त. गैरसोय होताच जो पुढील वर्षीचे येणे रद्द करतो, तोही आसक्तच. ज्याला काहीच नको असते आणि तरीही जो जातो, त्याच्या स्नेहाला आसक्ती म्हणता येत नाही. सर्वसंगपरित्याग केलेले आद्य शंकराचार्यही मातेच्या अंतकाळी कालडीस परतले आणि लोकविरोध सोसून त्यांनी तिचे अंत्यसंस्कार केले, असे परंपरा सांगते. संन्याशाला जेथे सूट मिळाली नाही, तेथे गृहस्थाला कोठून मिळणार?

मननासाठी

१. मागील भेटीत घरातील कोणत्या व्यक्तीचे श्रम वाढले आणि कोणाचे कमी झाले?

२. त्या तीन दिवसांत आईवडिलांजवळ, इतर काही न करता, किती वेळ बसणे झाले?

३. जे रोज सेवा करतात, त्यांना एका दिवसाची तरी मोकळीक आपल्या येण्याने मिळाली काय?

४. नेलेली भेट घेणाऱ्याच्या गरजेची होती की देणाऱ्याच्या हौसेची?

५. निघताना पुढील येण्याचा दिवस निश्चित सांगितला काय? ‘पुन्हा येऊ’ या शब्दांवर वृद्ध मनुष्य दिवस मोजू शकत नाही. तारखेवर मोजू शकतो.