म्हातारपणी स्नायू लवकर का भरून येत नाहीत?

गेल्या आठवड्यात सत्तरी ओलांडलेल्या एका आजोबांना त्यांची सून दवाखान्यात घेऊन आली. दोन महिन्यांपूर्वी ते ओट्यावरून घसरून पडले होते. हाड मोडले नव्हते. पण घरच्यांनी काळजीपोटी त्यांना खाटेवरून उठूच दिले नाही. आता आधाराशिवाय उभे राहवेना. "डॉक्टर, मुका मार केव्हाच बरा झाला, मग पायातले बळ कुठे गेले?" त्यांनी विचारले.

हा प्रश्न अनेक घरांतला आहे. न वापरलेला स्नायू झिजतो, हे कोणत्याही वयात खरे. तरुणपणी तो लवकर भरून येतो, म्हातारपणी मात्र वेळ लागतो. असे का?

आपल्या स्नायूंच्या तंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात. १९६१ साली अलेक्झांडर मॉरो यांनी बेडकाच्या स्नायूत त्या प्रथम दाखवून दिल्या. याच स्नायूंच्या मूळपेशी. एरवी त्या निजलेल्या असतात. इजा झाली की जाग्या होतात, वाढतात आणि तुटलेला तंतू सांधतात. काही पेशी पुढच्या वेळेसाठी पुन्हा राखीव राहतात. वय वाढले की त्यांची संख्या घटते आणि त्यांना जाग उशिरा येते. मग दुरुस्ती अपुरी राहते व स्नायूत चरबी साठू लागते.

पण त्या अगदीच निकामी होतात असे नाही. २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी म्हाताऱ्या व तरुण उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले, तेव्हा म्हाताऱ्या उंदरांचे जखमी स्नायू चांगले भरून आले. अर्थात, हा माणसांवरचा उपचार नव्हे. कोणी तसे आमिष दाखवल्यास भुलू नये.

आपल्या हातातला उपाय साधा आहे. १९९० साली बॉस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांकडून आठ आठवडे देखरेखीखाली वजनाचा व्यायाम करून घेतला. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली!

म्हणून आजोबांना तपासून मी सांगितले, "खुर्चीवरून उठा-बसा, सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून दोनदा. जेवणात डाळ, दूध, चालत असल्यास अंडे घ्या." हृदयविकार, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे.

सुनेला एवढेच म्हणालो, "त्यांचा हात धरा, पण त्यांना उठू द्या."