घरीं फायबर इंटरनेट घेतांना

भुईगांवांत आतां पुष्कळ घरीं फायबर इंटरनेट आलें आहे, व कित्येक घरीं तें घेण्याचा विचार चालला आहे. कंपन्या अनेक, योजना त्याहून अनेक. आपण बहुधा जाहिरातींतला मोठा आंकडा पाहून भुलतों. आईवडिलांच्या कष्टाचा पैसा दरमहा यांत जावयाचा, म्हणून निवड कशी करावी याचा येथें थोडा विचार करूं.

प्रथम वेग. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदास १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट. तेव्हां सेकंदास साडेबारा मेगाबाइटच घरीं येतात. एक गिगाबाइटची चित्रफीत उतरविण्यास सुमारें ८० सेकंद लागतात. परंतु चित्रासह चालणाऱ्या एका तासिकेस सेकंदास पांच मेगाबिट पुरेसे होतात. चार माणसांच्या घरास ३०० चा वेग घेणें म्हणजे घागरीसाठीं विहीर खणणें होय.

दुसरें असें कीं, सांगितलेला वेग सदैव मिळतोच असें नाहीं. रहाटाचें पाणी एका पाटानें दहा वाफ्यांस सोडलें, तर प्रत्येकास थोडेंच मिळतें. सायंकाळीं सारी आळी एकदम इंटरनेट वापरूं लागली म्हणजे तसेंच होतें. यास्तव ज्याच्या घरीं ती कंपनी आहे अशा शेजाऱ्याकडे रात्रीं नऊ वाजतां वेग मोजून पाहावा.

तिसरें बिल. जाहिरातींतल्या दरावर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा पडतो. ५०० चे ५९० होतात. महिन्याची मर्यादा संपल्यावर वेग किती उरतो, व वर्षाचे पैसे आगाऊ भरून सेवा सोडल्यास परत काय मिळतें, हें लेखी विचारावें. पहिल्यानें एकाच महिन्याचे पैसे भरणें बरें.

चौथें, आणि आमच्या मतें सर्वांत महत्त्वाचें, म्हणजे दुरुस्ती. कांचेच्या तंतूंतून प्रकाश धांवतो खरा, पण घरांतल्या पेटीस वीज लागतेच. ती गेली कीं इंटरनेटही जातें. मे २०२१ मध्यें तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलें, तेव्हां झाडें व तारा पडल्या, हें आपणांस स्मरत असेलच. म्हणून पेटीसाठीं लहानशी बॅटरी ठेवावी, आणि शेजाऱ्यास हा एक प्रश्न अवश्य विचारावा : "गेल्या पावसाळ्यांत तार तुटली, ती कितव्या दिवशीं जोडली गेली?"

विद्यार्थिमित्रहो, हे चार प्रश्न कागदावर लिहून तीन घरीं फिरा, आणि मिळालेलीं उत्तरें वडिलांपुढें ठेवा. परीक्षेचा अर्ज भरण्याच्या शेवटच्या रात्रीं मोठा आंकडा कामास येत नाहीं; अखंड चालणारी तारच कामास येते.